ए२ दूध: जनुकातला फरक खरा, पण रतीब कशासाठी बदलायचा?

तुमच्या पत्रात प्रश्न तीन आहेत आणि ते एकमेकांत गुंतलेत. नऊ वर्षांच्या मुलाने दूध प्यायलं की तासाभरात पोटात गुडगुडतं, गॅस होतो. सासूबाईंना मधुमेह आहे. दोन्हींवर एकच तोड म्हणून सोसायटीत कुणीतरी सव्वाशे रुपये लिटरचा, देशी गाईच्या ए२ दुधाचा रतीब सुचवलाय. तिकडे गावी तुमचा भाऊ गोठ्यातल्या आठही संकरित गाई विकून गीर आणायच्या बेतात आहे.

थोडक्यात उत्तर हवं असेल तर मुलाचा त्रास बहुधा ए१-ए२ चा (हे दुधातल्या एका प्रथिनाचे दोन प्रकार) नाही, सासूबाईंच्या मधुमेहाशी या भानगडीचा संबंध नाही आणि भावाला सांगा, गाई विकू नको. आता कारणं सांगतो. मी जनावरांच्या आनुवंशिकीतला माणूस आहे, माणसांचा डॉक्टर नव्हे. त्यामुळे मुलाला तपासून घ्यायचं काम तुमच्या बालरोगतज्ज्ञांचं, हे आधीच सांगून ठेवतो.

गाईच्या दुधात लिटरमागे साधारण ३२-३३ ग्रॅम प्रथिनं असतात. त्यांचे दोन गट तुम्ही स्वयंपाकघरात रोज पाहता. दूध नासलं की जो चोथा होतो तो मुख्यतः केसिन, आणि खाली जी हिरवट निवळी राहते तिच्यातली ती निवळीची प्रथिनं. केसिन सुमारे ८० टक्के, निवळीची २० टक्के. केसिन नुसत्या उकळीने गोठत नाही, त्याला आंबटपणा लागतो. म्हणून साधं दूध कितीही उकळलं तरी दूधच राहतं. चिकाचं मात्र उलट. व्यायल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांच्या चिकात निवळीची प्रथिनं, त्यातही वासराला रोगांपासून जपणारी इम्युनोग्लोब्युलिनं, भरमसाट असतात आणि ती उष्णतेने घट्ट होतात. खरवस विरजणाशिवाय थापला जातो तो यामुळे.

केसिनचे चार प्रकार आहेत: अल्फा-एस१, अल्फा-एस२, बीटा आणि कप्पा. चौघांची जनुकं गाईच्या सहाव्या गुणसूत्रावर एकाच वस्तीत, जवळजवळ आहेत. म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या बहुधा संचानेच पुढे जातात. एका केसिनची निवड करताना शेजारचं दुसरं नकळत निवडलं जातं. भावाच्या प्रश्नाकडे येऊ तेव्हा हे लक्षात असू द्या.

जाहिरातीतली सगळी कहाणी बीटा-केसिनची. हे प्रथिन म्हणजे २०९ अमिनो आम्लांची माळ. मूळच्या गाईंमध्ये या माळेत ६७ व्या जागी प्रोलीन असतं. तो ए२ प्रकार. काही हजार वर्षांपूर्वी युरोपातल्या गाईंमध्ये जनुकाचं एक अक्षर बदललं, सीसीटी चं सीएटी झालं, आणि त्या जागी हिस्टिडीन आलं. हा ए१. बीटा-केसिनचे आणखीही डझनभर प्रकार माहीत आहेत. त्यातल्या बी प्रकारातसुद्धा ६७ व्या जागी हिस्टिडीनच असतं, पण त्याचं नाव कुठल्याच बाटलीवर येत नाही.

या एका अक्षराने काय होतं? आपल्या आतड्यातली पाचक द्रव्यं ए१ ची माळ नेमकी त्या जागी सहज तोडू शकतात. त्यातून सात अमिनो आम्लांचा एक तुकडा सुटतो, बीटा-कॅसोमॉर्फिन-७, म्हणजे बीसीएम-७. ए२ मध्ये प्रोलीन आडवं येतं आणि हा तुकडा फारच कमी सुटतो. १९७९ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी असे तुकडे वेगळे केले, तेव्हा अफूजन्य औषधं पेशींवरच्या ज्या खाचांवर (रिसेप्टरांवर) बसतात त्यांनाच तेही चिकटतात असं दिसलं. चिकटतात, पण दुबळेपणाने. ‘दुधात अफू’ छापाच्या ज्या क्लिपा फिरतात त्यांचं मूळ एवढंच. शिवाय आतड्याच्या अस्तरावर आणि रक्तात डीपीपी-४ नावाचं एन्झाइम असतं, ते या तुकड्याचेही तुकडे करतं. (सासूबाईंच्या गोळ्यांत सिटाग्लिप्टिन किंवा विल्डाग्लिप्टिन असेल तर ती गोळी याच डीपीपी-४ वर काम करते. कारण वेगळं आहे, दुधाशी नातं नाही. पण नाव ओळखीचं वाटेल म्हणून सांगितलं.) आणखी एक गोष्ट. आईच्या दुधातलं बीटा-केसिन ए२ सारखंच, प्रोलीनवालं असतं, तरीही त्यातून याच कुळातले, थोड्या वेगळ्या रचनेचे तुकडे सुटतात. तेव्हा असा तुकडा सुटला म्हणजे विष झालं, असं नाही.

मग मधुमेह यात आला कुठून? न्यूझीलंडमधून. ऑकलंडचे बालरोगतज्ज्ञ बॉब एलियट यांनी १९९० च्या दशकात पाहिलं की सामोआ बेटावरच्या मुलांना टाइप १ मधुमेह जवळजवळ होत नाही, पण न्यूझीलंडमध्ये वाढणाऱ्या सामोअन मुलांना मात्र होतो. त्यांचा संशय गाईच्या दुधावर आणि पुढे ए१ वर गेला. मग देशोदेशीचे आकडे शेजारीशेजारी ठेवले गेले: दरडोई किती ए१ प्यायलं जातं आणि किती मुलांना टाइप १ होतो. रेघ सरळ वर चढताना दिसली. हृदयविकाराच्या बाबतीतही कॉरी मॅकलॅक्लन यांनी असंच चित्र मांडलं, आणि २००० साली त्यांच्याच पुढाकाराने न्यूझीलंडमध्ये ए२ दूध विकणारी कंपनी उभी राहिली. म्हणजे गृहीतक आणि दुकान जवळजवळ एकाच वेळी उघडलं. मला यात लबाडी दिसत नाही, पण पुढचे अभ्यास वाचताना पैसा कोणाचा होता ते बघावंच लागतं.

देशांच्या सरासऱ्यांच्या तुलनेत मोठी खोट असते. फिनलंडमध्ये दूधही जास्त आणि टाइप १ ही जास्त. पण तिथे ऊनही कमी, वंशही वेगळा, बालपणीचे संसर्गही वेगळे. यातलं कुठलं कारण आणि कुठलं नुसतं सोबती, हे रेघ सांगत नाही. ते कळायला माणसांवर थेट प्रयोग लागतो. तसा एक मोठा प्रयोग झाला. टाइप १ ची आनुवंशिक जोखीम असलेल्या २,१५९ तान्ह्या बाळांवर, १५ देशांत. निम्म्यांना वरच्या दुधासाठी नेहमीची गाईच्या दुधाची पावडर, निम्म्यांना अशी पावडर जिच्यातलं केसिन आधीच बारीक तोडलेलं. साधारण साडेअकरा वर्षं मुलांवर लक्ष ठेवून २०१८ मध्ये निकाल आला: तोडलेल्या प्रथिनाच्या गटात ८.४ टक्के मुलांना मधुमेह, नेहमीच्या पावडरीच्या गटात ७.६ टक्के. म्हणजे फायदा शून्य. हा प्रयोग खास ए१ विरुद्ध ए२ असा नव्हता हे मान्य. पण दुधाचं अख्खं प्रथिन टाळूनही फरक पडत नसेल, तर त्यातल्या एका अमिनो आम्लावर सगळा दोष ढकलणं अवघड होतं. त्याआधी २००९ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तोवरचे सगळे अभ्यास तपासून बीसीएम-७ आणि मधुमेह, हृदयविकार, स्वमग्नता वगैरेंमध्ये कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष दिलाच होता.

आणि मुळात हा सगळा वाद टाइप १ चा, लहानपणी होणाऱ्या, इन्सुलिन घ्याव्या लागणाऱ्या मधुमेहाचा. सासूबाईंचा उतारवयातला टाइप २ असणार. त्याबद्दल ए२ वाल्यांच्या हातात एवढंसुद्धा नाही. सासूबाईंनी दूध कोणाचं प्यावं यापेक्षा चहात साखर किती जाते ते बघा.

आता पोटाकडे. इथे ए२ ची बाजू थोडी बरी आहे, आणि ते प्रामाणिकपणे सांगायला हवं. ऑस्ट्रेलिया, चीन आणि अमेरिकेत तुलनात्मक चाचण्या झाल्या आहेत. त्याच माणसांना काही दिवस एक दूध, काही दिवस दुसरं. काही जणांना ए२ वर पोट कमी दुखलं, फुगणं कमी झालं, शौचाचा पोत बदलला. फरक मध्यम, गट बहुतेक छोटे, आणि बऱ्याच चाचण्यांना पैसा दूध विकणाऱ्या कंपनीचा. म्हणजे ‘काहींना थोडं बरं वाटू शकतं’ इथवर मी मान्य करीन. त्यापुढे नाही.

पण तुमच्या मुलाचं वर्णन वाचून माझ्या मनात आधी आलं ते लॅक्टोज. दुधातली ही साखर पचवायला लॅक्टेज नावाचं एन्झाइम लागतं. सस्तन प्राण्यांत अंगावरचं पिणं सुटलं की लॅक्टेज आटत जातं; माणसांतही बहुसंख्यांचं बालपणातच आटतं. ज्यांचं आयुष्यभर टिकतं त्यांच्यात दुसऱ्या गुणसूत्रावर, लॅक्टेजच्या जनुकाच्या १३,९१० अक्षरं आधी, सी च्या जागी टी आलेला असतो. हा बदल जनुकात नाही, जनुक चालू-बंद करणाऱ्या जागेत आहे. गंमत म्हणजे ही जागा शेजारच्या भलत्याच जनुकाच्या हद्दीत पडते. आफ्रिकेतल्या गुराखी समाजांत त्याच परिसरात वेगळी अक्षरं बदलून तोच परिणाम साधला गेला. भारतात मात्र युरोपातलाच बदल सापडतो, आणि तो वायव्येकडे जास्त, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे कमी होत जातो. महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात. इथे एकाच घरात मोठ्याला पेलाभर दूध पचतं आणि धाकट्याला पचत नाही, यात नवल काही नाही.

महत्त्वाचं हे की ए१ असो, ए२ असो, गीर असो, परदेशी होल्स्टीन असो, लॅक्टोज तेवढंच, पावणेपाच टक्क्यांच्या आसपास. म्हशीच्या दुधात किंचित जास्तच. लॅक्टोजचा त्रास असलेल्या मुलाला सव्वाशे रुपयांचं दूध दिलं तर पोटात गुडगुड तीच, फक्त महाग. त्याऐवजी दोन आठवडे नुसतं दूध बंद करून बघा. दही-ताक चालू ठेवा. विरजणातले जिवाणू लॅक्टोजचा काही भाग संपवतात आणि उरलेलं पचवायला पोटातही मदत करतात. त्रास थांबला तर दूध अर्ध्या कपाने, जेवणासोबत परत सुरू करा. लॅक्टेज कमी असलेल्यांनाही एका वेळी १२ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे साधारण एक कप दूध, बहुधा सोसतं. खात्री हवी असेल तर श्वासातल्या हायड्रोजनची चाचणी मिळते.

दुधाची ॲलर्जी हा तिसराच प्रकार, आणि तिथे चूक महागात पडते. तिच्यात शरीराची प्रतिकारयंत्रणा केसिनवर किंवा निवळीतल्या बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनवर उलटते. हे दुसरं प्रथिन आईच्या दुधात नसतंच. अंगावर गांधी, ओठ सुजणं, धाप, तान्ह्या बाळाच्या शीमध्ये रक्त, अशी लक्षणं असली तर ए२ गाय, म्हैस, शेळी, काहीही ‘करून बघू’ नका. ही प्रथिनं एकमेकांशी इतकी मिळतीजुळती आहेत की गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेकांना शेळीचंही बाधतं. थेट डॉक्टरकडे जा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला तर मुख्य दूध म्हणून कुठल्याच गाईचं नको: प्रथिनं आईच्या दुधाच्या तिप्पट, लोह अगदी थोडं.

एवढं होऊनही तुम्हाला ए२ च प्यायचं असेल तर खुशाल प्या. पण मग म्हशीचं घ्या. राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरो या कर्नालच्या संस्थेने आपल्या जनावरांचं बीटा-केसिन तपासलं तेव्हा म्हशी सगळ्या ए२ निघाल्या आणि देशी गाईंच्या जातींमध्ये ए२ चं प्रमाण ९८-९९ टक्क्यांच्या घरात. पंढरपुरी म्हशीचं असो की मुंबईच्या तबेल्यातल्या मुऱ्हा-जाफराबादीचं, नेहमीच्या दराचं म्हशीचं दूध ए२ च आहे. फक्त त्यावर ते कुणी छापत नाही.

तुपाबद्दल मात्र माझा संयम सुटतो. तूप म्हणजे किमान साडेनव्याण्णव टक्के स्निग्धांश. लोणी कढवताना बेरीत जळतं ते प्रथिन, आणि बेरी आपण गाळून टाकतो. ज्यात बीटा-केसिनच नाही ते तूप ए१ काय न् ए२ काय? तरी अडीच-तीन हजार रुपये किलोने ‘ए२ तूप’ विकलं जातं. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, एफएसएसएआय ने, ऑगस्ट २०२४ मध्ये दूध-तुपावरचे ए१-ए२ चे दावे काढायला सांगितले होते आणि तुपाचा हाच मुद्दा त्यात मांडला होता. पाचच दिवसांत, आणखी चर्चा करायची म्हणून, ते पत्रक मागे घेतलं गेलं. विज्ञान मात्र मागे घेतलेलं नाही.

रतीबवाल्याला विचारायचंच तर वेगळं विचारा. एफएसएसएआय ने २०१८ मध्ये देशभरातून ६,४३२ नमुने तपासले. भेसळ फक्त १२ नमुन्यांत निघाली, आपल्या समजुतीपेक्षा खूपच कमी. पण ५.७ टक्के नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम१ मर्यादेपेक्षा जास्त होतं. हे बुरशीचं विष. बुरशी लागलेली सरकी पेंड, शेंगदाणा पेंड, मका जनावराच्या पोटात गेला की ते दुधात उतरतं आणि उकळून जात नाही. ए२ गाईलाही बुरशीची पेंड घातली तर तेच होणार. पेंड कुठे साठवता, औषध टोचल्यावर किती दिवस दूध बाजूला काढता, या दोन प्रश्नांची धड उत्तरं देणारा माणूस सापडला तर मी त्याचं दूध घेईन, गाय कुठलीही असो. आणि काचेच्या बाटलीतलं ‘शुद्ध, कच्चं’ दूध तसंच पिऊ नका. ब्रुसेलोसिस आणि क्षय हे दोन्ही कच्च्या दुधातून येतात, जनुक बघून येत नाहीत.

आता भाऊ. त्याच्या गाई होल्स्टीन संकरित असणार. ‘संकरित म्हणजे ए१’ हे चुकीचं. होल्स्टीनमध्ये ए१ आणि ए२ दोन्ही भरपूर आहेत, जर्सीत तर ए२ बहुधा अधिकच. प्रत्येक गाईत या जनुकाच्या दोन प्रती असतात, आईकडून एक, बापाकडून एक. त्यात संकरित गाईत देशी आईकडून एक ए२ जवळजवळ नेहमीच आलेला असतो, निदान पहिल्या पिढीत. आठांतल्या दोन-तीन ए२-ए२ निघाल्या तर मला आश्चर्य वाटणार नाही. रंग, शिंगं, वशिंड बघून हे कळत नाही. शेपटीच्या केसांची मुळं किंवा थोडं रक्त देऊन प्रयोगशाळेतून तपासून घ्यावं लागतं. उलटही खरं: गावठी दिसणाऱ्या गाईच्या मागच्या पिढीत कधीतरी जर्सी वळूची कांडी (कृत्रिम रेतनाची) भरली गेली असेल, तर ती ए१ असू शकते.

गाई न विकता कळप ए२ करता येतो. रेतनासाठी ए२-ए२ वळूचीच कांडी वापरायची. सीमेनच्या कॅटलॉगात बहुतेक परदेशी वळूंचं बीटा-केसिन छापलेलं असतं. ए१-ए२ गाईला अशी कांडी भरली तर निम्म्या कालवडी ए२-ए२. ए१-ए१ गाईच्या सगळ्या ए१-ए२, आणि त्यांच्या पुढच्या वेतातल्या निम्म्या ए२-ए२. दोन पिढ्यांत, म्हणजे पाच-सहा वर्षांत, गोठा जवळजवळ फिरतो, खिशाला चाट न लागता. पण फक्त ए२ बघून वळू निवडू नये. कासेचं आरोग्य, गाभण राहण्याची क्षमता, पायांची ठेवण हे गुण मागे पडले तर नुकसान तिथे होतं. आणि बीटा निवडताना शेजारचं केसिनही सोबत येतं, म्हणून मी त्याला त्याच ओळीत शेजारी छापलेलं कप्पा-केसिन बघायला सांगेन. कप्पाचा बीबी प्रकार (दोन्ही प्रती बी) असेल तर चीज लवकर आणि घट्ट लागतं. चीज करणाऱ्याला दूध घालायचं असेल तर याचा उपयोग ए२ पेक्षा जास्त. हेच कप्पा-केसिन चीज करताना तुटतं तेव्हा निवळीत जो तुकडा उतरतो, त्यात फिनाइलअलानीन हे अमिनो आम्ल अजिबात नसतं. हे आम्ल ज्यात शरीराला झेपत नाही त्या फिनाइलकीटोन्युरिया या जन्मजात आजाराच्या मुलांसाठी त्यापासून खास आहार बनवतात. दुधाच्या प्रथिनातून माणसाच्या आरोग्याला झालेला हा ठसठशीत फायदा, पण त्याची जाहिरात कुणी करत नाही.

गीर वाईट आहे असं मी म्हणत नाही. ऊन सोसते, गोचिडांना दाद देत नाही, खायला कमी लागतं. फॅटही चांगलं, आणि त्यालाही जनुक आहे: डीजीएटी१ चा जास्त फॅट देणारा प्रकार आपल्या देशी गाईंत आणि म्हशींत सरसकट आढळला आहे. पण संकरित गाय पंधरा-वीस लिटरवर असताना साधारण गीर आठ-दहावर थांबते. गावच्या संकलन केंद्रावर दर ठरतो ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून उरणारे घन पदार्थ) वर. तिथल्या मशीनला ए२ कळत नाही. जास्तीचा दर मिळतो तो फक्त शहरातलं गिऱ्हाईक स्वतः बांधणाऱ्याला. त्याला बाटल्या, गाडी, उधारी, सुट्टीतले बंद रतीब हे सगळं सांभाळावं लागतं. भावाला तो धंदा करायचा असेल तर एक-दोन गीर आणून बघावं, आठ गाई बाजारात नेऊन नव्हे. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीमला ‘गौ चिप’ आणि ‘महिष चिप’ या देशी जनावरांच्या जनुकतपासणीच्या चिपांचं उद्घाटन झालं. गीर घेताना पूर्वी विकणाऱ्याच्या शब्दावर जावं लागे, आता वंशावळीचा कागद आणि तपासणीचा अहवाल दोन्ही मागता येतात. विकणारा टाळाटाळ करायला लागला तर इसार देऊ नको म्हणावं.